ॲल्युमिनियमचा मोल्ड करून घेताय? गरमी आणि हवा कुठनं बाहेर जाणार ते आधी ठरवा

बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, मोल्डची चौकशी करायला जो येतोय त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, किलोला रेट काय. उसाच्या रोपांचे ट्रे करायला व्हॅक्युम फॉर्मिंग मशीन घेतलेला असू दे नाहीतर ट्रॅक्टरच्या सीटचा फोम ओतणारा असू दे, विचारणार तेच. मी म्हणतो रेट नंतर बघू, आधी दोन गोष्टी सांगा, मोल्डमधली गरमी कुठनं बाहेर पडणार आणि हवा कुठनं बाहेर पडणार. थर्मोफॉर्मिंग (प्लास्टिकची शीट तापवून व्हॅक्युमनं मोल्डवर ओढायची) असो की पीयू फोम (मोल्डमध्ये ओतला की फुगणारा पॉलियुरेथेन फोम), मोल्डचं खरं काम हे दोनच आहे, आकार तर लाकडाचा साचा पण देतोय की. ॲल्युमिनियम घ्यायचं ते याच्यासाठीच, मोल्डच्या स्टीलपेक्षा ते चार-पाच पट वेगानं गरमी वाहून नेतं आणि वजनाला स्टीलच्या साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे दोन माणसं मोल्ड उचलून मशीनवर ठेवू शकतात.

मटेरियल कुठलं घ्यायचं. छोटा मोल्ड असेल, ब्लिस्टर पॅकिंग वगैरे, तर ६०६१ ग्रेडच्या ॲल्युमिनियमची प्लेट आणून सरळ सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) काढा, ओतकामाच्या भानगडीत पडू नका. मोठा आणि खोल मोल्ड असेल तर कास्टिंग, त्यात एलएम२५ घ्या (एलएम म्हणजे ओतकामाच्या ॲल्युमिनियमचे ग्रेड). एलएम६ ओतायला सोपं आहे, पातळ जागेत पण छान पळतं, पण मशीनिंगला टूल खातं. आणि भंगार वितळवून केलेल्या मिक्स धातूचा मोल्ड स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, स्पेक्ट्रो रिपोर्ट, म्हणजे धातूत काय-काय किती आहे त्याची तपासणी, मागायचाच.

आता पॅटर्न, म्हणजे ओतकामासाठी रेतीत ठसा उठवायचा नमुना. इथं मी स्वतः मार खाल्लाय म्हणून जरा लांबवतो. आपल्या बेळगावात पॅटर्नवाल्यांचा हात जास्त करून बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) कामावर बसलेला. बीड थंड होताना मीटरला साधारण १० एमएम आक्रसतं, ॲल्युमिनियम १३ एमएम. ट्रॅक्टरच्या छताचा १.२ मीटरचा मोल्ड करून घेतला होता, पॅटर्न बिडाच्या पट्टीवर (बिडाचं आक्रसणं धरलेल्या मापपट्टीवर) निघाला, मी पण तपासलं नाही आणि मोल्ड साडेतीन एमएम आखूड आला, छताची बोल्टची भोकं फ्रेमला बसेनात. पॅटर्न परत, ओतकाम परत, महिना गेला. आणि हे फक्त धातूचं झालं, वर प्लास्टिकचं आक्रसणं वेगळं मिळवायचं. प्लास्टिकच्या जातींत हिप्स आणि एबीएस अर्धा ते पाऊण टक्का, पीपी दीड ते दोन, एचडीपीई दोन ते तीन टक्के. म्हणजे १ मीटरचा एचडीपीईचा माल पाहिजे असेल, अडीच टक्के धरून, तर मोल्ड १०२५ आणि पॅटर्न १०३८ एमएमच्या आसपास, वर मशीनिंगचा अलाउन्स (मशीनवर कापून काढायला ठेवलेला जास्तीचा धातू) वेगळा. हे आकडे पॅटर्नवर स्केच पेननं लिहून ठेवा, तोंडी सांगितलेलं कुणाच्या ध्यानात राहत नाही. आज हिप्सला केलेल्या मोल्डवर उद्या एचडीपीईची शीट टाकली तर माल लहानच येणार हे पण गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवायचं.

ड्राफ्ट, म्हणजे माल सुटावा म्हणून भिंतींना ठेवलेला उतार, देताना बघा, शीट थंड झाली की आक्रसते. आत खोलगट मोल्ड असेल तर माल भिंतीपासून सुटतो, तिथं २ डिग्री चालतात, पण वर उठाव असलेल्या मोल्डला माल आवळून बसतो, तिथं ४-५ डिग्री द्या. कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपऱ्यात शीट कागदासारखी पातळ होते आणि ट्रे तिथंच फाटतो.

ओतकामाचं म्हणाल तर शक्यतो पावसाळ्यात ओतू नका. आपल्याकडं जून ते सप्टेंबर सगळंच ओलं, रेती ओली, इनगॉट (धातूच्या लाद्या) ओले, आणि पातळ झालेलं ॲल्युमिनियम त्या ओलाव्यातला हायड्रोजन ओढून घेतं, मग कास्टिंगमध्ये टाचणीएवढी भोकं. बिडाच्या कामात अशी बारकी भोकं खपून जातात, इथं नाही, फोम त्या भोकात घुसून धरून बसतो आणि व्हॅक्युमला हवा लीक होते. ओतायचंच असेल तर इनगॉट भट्टीजवळ तापवून घ्या, डिगॅसिंग करा (पातळ धातूतला गॅस काढून टाका), धातू उगाच ७५० डिग्रीच्या वर चढवू नका. कास्टिंग आल्यावर आतल्या बाजूला खडूचं पाणी लावून वाळवायचं आणि पाठीमागनं रॉकेल नाहीतर डिझेल लावायचं, जिथं डाग उमटेल तिथं लीक आहे.

पाण्याचा पाईप ओतकामातच घालून घ्या, एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा), मोल्डच्या आकाराबरोबर वळवलेला, ५०-६० एमएम अंतरानं. पाईप आतनं-बाहेरनं कोरडाच पाहिजे आणि दोन्ही टोकं उघडी, कारण बंद पाईपात थेंबभर पाणी राहिलं आणि वरनं पातळ धातू पडला तर तो फुटतो, माणसं भाजतात. मशीनिंगच्या आधी मोल्ड भट्टीत १५५ ते १७५ डिग्रीला ८ ते १२ तास ठेवून घ्या, म्हणजे पुढं वाकणार नाही. बोअरचं पाणी डायरेक्ट सोडू नका, वर्षभरात आत क्षार बसतो आणि ॲल्युमिनियम घेऊन काय उपयोग राहत नाही.

आता हवा. थर्मोफॉर्मिंगला व्हॅक्युमची भोकं सगळ्यात शेवटी शीट टेकते तिथं पाहिजेत, म्हणजे तळाचे कोपरे, खाचा, अक्षरांच्या कडा. ट्रेमध्ये प्रत्येक कपाच्या तळाला स्वतःची भोकं. हिप्सला ०.६ ते ०.८ एमएम चालतं, पीपी-एचडीपीईला ०.४-०.५, नाहीतर मालावर फोडासारखे टिपके उठतात. पण एवढं बारीक ड्रिल १५ एमएम जाडीतनं जाणार कसं, तर आधी पाठीमागनं ६ एमएमचं ड्रिल मारून पुढं ४ एमएम जाडी ठेवायची आणि मग पुढनं बारीक भोक. याच्यानं ड्रिल कमी तुटतात आणि हवा पण झटक्यात जाते. आतला फिनिश आरशासारखा करू नका, चकचकीत मोल्डवर शीट चिकटून मधे हवा अडकते, हलका सँडब्लास्ट करा.

आणखी एक, कॅटलॉगमध्ये व्हॅक्युम ७६० (एमएम पाऱ्याचा) लिहिलेला बघून आपल्या गेजवर तेवढं येत नाही म्हणून पंपवाल्याशी भांडू नका. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, इथं हवेचाच दाब ०.९२ बारच्या आसपास, गेज ६९० च्या वर जाणारच नाही. दाब एवढाच हातात आहे, म्हणून तर भोकं आणि पाठीमागची मोकळी जागा नीट पाहिजे.

पीयूच्या मोल्डला उलटं, तिथं हवा ओढायची नसते, फोमच ढकलत नेतो. फोम शेवटी जिथं पोचतो ती जागा सगळ्यात वर यायला पाहिजे आणि व्हेंट (हवा जायचं भोक) तिथंच. मोल्ड थोडा तिरका ठेवून बघा, अर्धे बबल तिथंच जातात. झाकण मात्र मजबूत पाहिजे. फोम फुगताना १ बार दाब धरला तरी ६० बाय ४० सेंटीमीटरच्या सीटवर २४०० किलो जोर येतो, जवळजवळ अडीच टन. झाकणाला पाठीमागं रिब नसतील तर ते वाकतं आणि पार्टिंग लाईनमधनं (झाकण आणि मोल्ड जुळतात तिथनं) फोम बाहेर येतो, मग पोरगं दिवसभर ब्लेड घेऊन कडा कापत बसतं. क्लॅम्पच्या आट्या सरळ ॲल्युमिनियममध्ये मारू नका, हेलिकॉइल (स्टीलच्या तारेची आटी) घाला.

सीटच्या फोमला मोल्ड ५५-६० डिग्री ठेवतात, आणि सगळीकडं सारखा, एका कोपऱ्यात ४० असेल तर तिथं कातडी जाड आणि माल चिकटणार. सकाळी पहिल्या शॉटला पाईपात गरम पाणी सोडावं लागतं, दुपारी फोमचीच गरमी एवढी चढते की त्याच पाईपात थंड. मोल्ड स्टीलच्या फ्रेमवर बसवताना भोकं लांबट ठेवा, टेम्परेचर ४० डिग्रीनं वाढल्यावर १ मीटर ॲल्युमिनियम ०.९ एमएम वाढतं आणि स्टील त्याच्या निम्मं, घट्ट आवळलं तर मोल्ड वाकतो.

मोल्ड साफ करताना कॉस्टिक सोडा चुकून पण वापरू नका, ॲल्युमिनियम खाऊन टाकतो. स्टीलची पट्टी नको, लाकडाची घ्या. रिलीज वॅक्स (माल सुटायला लावायचं मेण) पातळ लावा, थर चढला की मालावर डाग. आणि फोम ओतणाऱ्या पोरांना मास्क द्या, पंखे लावा, फोमच्या रसायनातल्या आयसोसायनेटनं एकदा दमा लागला की परत त्या कामावर उभं राहता येत नाही, याच्यात पैसे वाचवू नका ओ. आयसोसायनेटच्या ड्रमचं झाकण पावसाळ्यात उघडं ठेवायचं नाही, ओलाव्यानं माल खराब होतो. एबीएसची शीट पण ओलावा पिते, फॉर्मिंगच्या आधी ८० डिग्रीला दोन-चार तास वाळवली नाही तर बबल येणार.

ट्रायल घेताना पहिले आठ-दहा शॉट मोजूच नका, मोल्ड एका टेम्परेचरला येऊ दे. नंतरचे पाच नग नंबर टाकून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी मोजा, प्लास्टिक रात्रीत पण थोडं आक्रसतं. ते माप हातात आल्याशिवाय मोल्डला फाईल लावायची नाही.