किचन ट्रॉल्या करताना आतल्या फिनिशमध्ये या चुका टाळा

किचन करायला घेतलं की घरात महिनाभर चर्चा चालते ती शटरच्या रंगाची. आतून काय लावणार हा विषय कोटेशनमध्ये 'आतून लायनर' (म्हणजे आतल्या बाजूचा पातळ सनमायका) एवढ्या दोन शब्दांत उरकलेला असतो. खरं तर पाणी, तेल, हळद, स्टीलच्या डब्यांची घासाघीस आणि झुरळं हे सगळं सोसावं लागतं ते आतल्या बाजूलाच.

आमच्या पहिल्या किचनमध्ये सिंकखालचं कपाट दुसऱ्याच पावसाळ्यात फुगलं. तळाच्या फळीला वरून पांढरा सनमायका होता, त्याला काहीच झालं नव्हतं. पाणी शिरलं होतं पाइपसाठी पाडलेल्या भोकातून. भोकाची कड उघडी राहिली होती आणि फळी पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेली होती. असा बोर्ड एकदा फुगला की वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. तेव्हापासून मी कुणाचंही नवं किचन बघायला गेले की आधी सिंकखालचं दार उघडते.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे कडा. सपाट भागाला महागडं फिनिश लावून मागची आणि खालची कड, बिजागरीचे खाचे, पाइपची भोकं कोरी ठेवणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे, कारण बसवून झाल्यावर ती दिसत नाही. फळ्या जोडण्याआधीच सुताराला सांगा: चारही कडांना पट्टी हवी आणि प्रत्येक भोकाच्या कडेला सिलिकॉन हवं. सिंकखाली आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) शिक्का असलेला प्लायच वापरा. त्याच्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. बाकीच्या कपाटांना त्याहून साधा प्लाय चालतो. तिथे वाचलेले पैसे इथे घाला. आपल्याकडची जुनी पद्धतही विसरू नका. कडप्प्याचे उभे दगड, आतून पांढऱ्या टाइल्स आणि बाहेर फक्त शटर. सिंकखाली यासारखं टिकाऊ काही मला अजून दिसलेलं नाही. कोकणात किंवा जिथे भिंतीपलीकडेच बाथरूम आहे तिथे तर मी हाच सल्ला देते.

दुसरी चूक थोडे पैसे वाचवण्यासाठी होते. शटरला बाहेरून १ मिमीचा सनमायका आणि आतून नुसतं पॉलिश किंवा रंग. सनमायका लावलेली बाजू आणि कोरी बाजू हवेतला ओलावा सारख्या प्रमाणात घेत नाहीत, सोडतही नाहीत. एका बाजूला ताण येतो आणि शटर वाकतं. मग बिजागरीचे स्क्रू कितीही फिरवा, एक कोपरा उघडाच राहतो. आतून लायनर लावायचा तो दिसण्यासाठी आणि पुसायला सोपं म्हणून तर खराच, पण शटरचा तोल राखण्यासाठीही. तो साधारण ०.७ ते ०.८ मिमीचा असतो. वाकलेलं शटर सहसा सरळ होत नाही. ते बदलावं लागतं.

रंगाचं सांगायचं तर आतून गडद लाकडी रंग घेऊ नका. दुकानात तो श्रीमंत दिसतो, पण घरी खोल कप्प्यात सांडलेली मोहरी दिसत नाही आणि झुरळांची घाणही दिसत नाही. अगदी पांढराशुभ्र घेतला तर हळदीचे डाग छळतात. फिकट राखाडी किंवा मोतिया बरा. पृष्ठभाग गुळगुळीत मॅट असावा. खरखरीत पोतात मसाला अडकतो, तर चकचकीत फिनिशवर डब्यांचे ओरखडे उठतात. शटरच्या आतल्या बाजूला हळद लागलीच तर घासून फिनिश खराब करू नका. साबणाच्या पाण्याने पुसा आणि ऊन येत असेल तर दार उघडं ठेवा. हळदीचा रंग उन्हात उडतो.

नव्या कपाटात लगेच पीठ-मसाले भरू नका. बोर्डातल्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड हा उग्र वासाचा वायू बाहेर पडतो, रंगाचा वास वेगळाच. तो वास चहापावडरीला पटकन लागतो. बोर्ड घेतानाच ई-१ किंवा ई-० दर्जा (म्हणजे हा वायू कमी सोडणारा) विचारा आणि वास जाईपर्यंत दारं उघडी ठेवा.

कप्प्यात वर्तमानपत्र अंथरायची सवय आपल्या घराघरात आहे. मला ती सोडायला वेळ लागला, पण कागद ओल धरून ठेवतो आणि त्याखाली कसर होते. चांगलं फिनिश असेल तर काहीच अंथरू नका. तेलाच्या बरणीखाली एक ताटली पुरते.

सनमायक्याला छोटा फुगा आला असेल तर त्यावर सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवा आणि गार होईपर्यंत जड वजन ठेवा. गोंद मऊ होऊन बऱ्याचदा पुन्हा चिकटतो. फुगा दाबल्यावर खालची फळी पिचल्यासारखी लागली तर मात्र इस्त्री बाजूला ठेवा. तिथे आधी गळती शोधायची. सिंकखाली रात्रभर कोरा कागद ठेवून सकाळी तो कुठे भिजलाय ते बघा, मगच सुताराला बोलवा.