कर्नलची हाक डिमनपर्यंत
पेनड्राइव्ह खोचल्याचं कळावं म्हणून माझा डिमन (पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्राम) आधी दर सेकंदाला सिसएफएस चाळत बसायचा; कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, उपकरणांची माहिती या फाइलींत मांडतो. वेडेपणा! लिनक्सवर नेटलिंक सॉकेट (कर्नल आणि प्रोग्राम यांच्यातला निरोपांचा मार्ग) उघडा, प्रोटोकॉल कोबजेक्ट-यूइव्हेंट, बाइंड करताना ग्रुप 1. मग निवांत थांबा, कर्नल स्वतः हाक मारतो. मजकूर साधाच: 'ॲड@' आणि उपकरणाचा पाथ, पुढे शून्य बाइटने तोडलेल्या 'नाव=किंमत' जोड्या. नेटलिंकचा नेहमीचा 16 बाइटांचा हेडर इथे नसतो; तो शोधण्यात माझी अख्खी रात्र गेली.

निरोप कर्नलचाच आहे ना, हे मात्र तपासाच. पाठवणाऱ्याचा पीआयडी (ओळख क्रमांक) 0 हवा. यूडेव्ह, म्हणजे लिनक्सचा उपकरणं सांभाळणारा डिमन, हे तपासत नव्हता. 2009 मध्ये उघड झालेल्या त्या चुकीतून साध्या यूजरलाही रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) होता येत होतं.

'ईनोबफ्स' एरर आली, तर सॉकेटचा बफर (निरोप साठवायची तात्पुरती जागा) भरून निरोप गळालेत. बफर वाढवा, आणि त्या एका वेळेला सिसएफएस खुशाल चाळा.