जुन्या घराचं गळणं: आधी पाण्याची वाट शोधा, केमिकलचा डबा नंतर उघडा

आमच्या नागपूरच्या घरी हॉलमध्ये पाणी पंख्याच्या हुकातून टपकायचं. पंख्याच्या खालीच बाबांची खुर्ची, त्यामुळे जुलै लागला की खुर्ची भिंतीला आणि तिच्या जागी बादली, असे दोन पावसाळे काढले. दोन्ही उन्हाळ्यात आम्ही काय केलं, तर पंख्याच्या बरोबर वरचा गच्चीचा भाग मापून काढला आणि त्याच्यावर डब्यातल्या वॉटरप्रूफिंग केमिकलचा पांढरा कोट मारून घेतला, एकदम चकाचक दिसायचं, आणि पहिल्या मोठ्या पावसात परत टप टप. तिसऱ्या वर्षी एक म्हातारे मिस्त्री आले, त्यांनी डब्याचं नावच काढलं नाही, हॉलमध्ये उभं राहून वर पाहिलं आणि म्हणाले, "ताई, पानी इथून पडून राहिलं म्हणजे इथूनच शिरून राहिलं असं थोडीच आहे."

शिरत होतं 9 फुटांवरून, पॅराफिटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, बाजूला जुन्या कूलरचं लोखंडी स्टँड रोवलं होतं तिथून. स्टँड आम्ही कधीचंच कापून भंगारात दिलं, पण अँगलचे बुडखे कोब्यात, म्हणजे स्लॅबवरच्या विटा-सिमेंटच्या थरात, तसेच राहिले, ते गंजून फुगले आणि आजूबाजूचा कोबा त्यांनी फोडून टाकला. पाणी त्या फटीतून उतरायचं, कोबा आणि स्लॅबच्या मधल्या पोकळीत फिरत फिरत लाईटच्या पाईपपर्यंत जायचं आणि पाईपातून थेट हुकाच्या डब्यात. दोन वर्षांचे कोटाचे पैसे पाण्यात, अक्षरशः.

म्हणून सगळ्यात आधी शोधायचं. आणि शोधायला पैसे लागत नाहीत, पेन्सिल लागते.

पावसाळ्यात छताला ओल दिसली की तिच्या कडेने पेन्सिलने गोल काढायचा आणि आत तारीख लिहायची. पुढच्या पावसानंतर ओल गोलाच्या बाहेर गेली तर नवा गोल, नवी तारीख. आई चिडेल की छत घाण केलं, चिडू द्या. सोबत हेही लिहून ठेवायचं की पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने टपकलं. अर्ध्या-एक तासात टपकायला लागलं तर वाट सरळ आणि जवळची आहे, म्हणजे भेग, पाईपचं तोंड, खिडकी असं काहीतरी. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी सुरू झालं आणि मग दोन दिवस चाललं तर पाणी कोब्यात साठून हळूहळू झिरपतंय. आणि ओल एप्रिलमध्येही तशीच असेल तर पावसाला शिव्या देऊ नका, तो नळाचा नाहीतर बाथरूमचा प्रॉब्लेम आहे. तपासायचं सोपं, रात्री सगळे नळ बंद करून टाकीची पातळी खूण करून ठेवायची आणि सकाळी पाहायची.

तळमजल्यावर भिंत खालून फुगत असेल, पोपडे जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंतच असतील आणि हात लावला की पांढरी बुकटी निघत असेल तर ती जोत्यातून चढणारी ओल आहे, गच्चीवर कितीही खर्च केला तरी ती जाणार नाही. भिंतीची ओल बाहेरून येते की खोलीतल्याच दमट हवेची आहे हे कळत नसेल तर दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी पाहायचा. थेंब प्लास्टिकच्या मागच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीकडच्या बाजूला असतील तर खिडक्या उघडा, बाकी काही नाही.

पंख्यातून, बोर्डातून किंवा ट्यूबलाईटमधून पाणी येत असेल तर हे सगळं शोधकाम नंतर, आधी त्या लाईनचा एमसीबी (मेन बोर्डातला स्विच) खाली पाडा.

आता गच्ची. आपल्याकडे नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, पारा 45 च्या वर जातो आणि स्लॅबचा पृष्ठभाग त्याच्याहून कितीतरी जास्त तापतो, अनवाणी पाय ठेवून बघा. मग मृगाचा पहिला पाऊस त्याच तापलेल्या स्लॅबवर पडतो. साधा हिशोब करा, 10 मीटर लांब स्लॅब 30 अंशांच्या फरकाने साधारण 3 मिलीमीटर लांबतो-आखडतो, आणि हे दरवर्षी, चाळीस चाळीस वर्षं. म्हणून फट बहुतेक वेळा स्लॅबच्या मध्ये नसते, स्लॅब आणि पॅराफिटच्या सांध्यात असते, आणि त्यात नुसतं सिमेंट भरलं तर ते पुढच्या उन्हाळ्यात तिथेच फाटतं. त्यात नागपूरची काळी माती, उन्हाळ्यात आखडते, पावसात फुगते, घर थोडं थोडं हलतच असतं. भेग जुनी मेलेली आहे की अजून चालू आहे हे ओळखायला तिच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ मारून तारीख टाका. दोन-तीन महिन्यांनी भेग रेघेच्या पुढे गेली असेल तर ती चालू आहे.

गच्चीवर चढल्यावर मी ज्या क्रमाने पाहते तोच सांगते. पहिलं म्हणजे पन्हाळीच्या पाईपचं तोंड. 1000 चौरस फुटांच्या गच्चीवर 50 मिलीमीटर पाऊस पडला म्हणजे साडेचार हजार लिटरच्या वर पाणी, ते सगळं त्या एका चार इंची तोंडातून जायचं असतं, आणि त्या तोंडात काय असतं? कूलरचं गवत. सीझन संपला की आपण कूलर गच्चीवर नेतो, ताट्या झटकतो, ते गवत आठ दिवसांत उडत उडत पाईपात, त्यात कडुलिंबाचा पाला, कबुतराची पिसं, झालं तळं. कूलर वर नेला त्याच दिवशी ताट्या पोत्यात भरून बांधा आणि पाईपच्या तोंडाला जाळी बसवा, सपाट नाही तर टोपीसारखी उंच, कारण सपाट जाळीवर एक पान आडवं पडलं तरी पुरतं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तेव्हा अख्ख्या शहराला कळलं की नागपुरात पाऊस थोड्या तासांत किती पडू शकतो, तेव्हा "आमच्याकडे कधी तुंबत नाही" यावर राहू नका.

दुसरं, उतार. गच्चीवर दोन बादल्या पाणी ओता आणि पाहा कुठे जातं. 10 फुटांना किमान सव्वा इंच उतार पाईपकडे हवा. पाऊस थांबल्यावर दिवसभरानेही डबकं उरत असेल तर तिथे खळगा आहे, त्याची कड खडूने आखून ठेवा, मिस्त्रीला दाखवायला.

तिसरं, कोब्याचा आवाज. हातोडीचा दांडा किंवा जाड नाणं घेऊन ठोकत फिरा, ठणठणीत वाजलं तर कोबा पकडून आहे, भद्द वाजलं तर खालून सुटलाय. आमच्याकडे बुडख्यांपासून पंख्याच्या दिशेने भद्द आवाजाचा एक पट्टाच निघाला, मिस्त्रींनी तो खडूने आखला तेव्हा मला पाण्याचा सगळा रस्ता डोळ्यांनी दिसला.

एवढं करूनही वाट सापडली नाही तर पाणी बांधून पाहायचं. पाईपच्या तोंडात कापडाचा बोळा, वाळूची किंवा मातीची आळी करून गच्चीचे तीन-चार भाग, आणि एका वेळी एकाच भागात पाणी. त्यात धुण्याची नीळ टाका, खाली निळं दिसलं की भाग सापडला. 48 तास थांबायला हवं, घाई करू नका. मात्र जुन्या स्लॅबवर दोन इंचांच्या वर भरू नका, कारण एक इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 25 किलो वजन, आणि खाली सळया उघड्या पडल्या असतील तर ही टेस्ट करूच नका.

सळया दिसत असतील, बीमला भेग असेल, छताचे तुकडे पडत असतील तर तो मिस्त्रीचा विषयच नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. गंजलेलं लोखंड मूळच्या दुपटीहून जास्त फुगतं, वरून प्लास्टर थापून ते थांबत नाही. 30 वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट तसंही महापालिका कायद्यात बंधनकारक आहे.

वाट सापडली की दुरुस्ती त्यामानाने सोपी. बुडखे, जुने अँगल, केबलवाल्याने मारलेले खिळे मुळापासून काढायचे, वरून कापून भागत नाही. सुटलेला कोबा तोडून तेवढाच पॅच नवा करायचा. मिस्त्री म्हणतील जुन्यावरच नवा कोबा टाकू, ऐकू नका, चार इंच विटांच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला जवळजवळ 200 किलो भरतं आणि जुन्या घरांच्या डोक्यावर असे दोन-दोन थर आधीच असतात. मेलेली भेग व्ही आकारात खोदून, धूळ ब्रशने काढून, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायची. चालू भेगेत पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, ते रबरासारखं ताणतं. पॅराफिटच्या सांध्यात आधी फट सीलंटने भरा, मग तीन-चार इंचांचा गोल वाटा, म्हणजे कोपरा भरणारी गोलाई, ओढून घ्या, एकास तीन सिमेंट-रेती आणि वॉटरप्रूफिंग लिक्विड, म्हणजे पाणी कोपऱ्यात थांबतच नाही. पॅराफिटच्या माथ्याला उतार आतल्या बाजूला द्या, बाहेर दिला तर भिंतीवर ओघळ येतात.

वाट्यावर तराई (सिमेंटला पाणी मारणं) नीट करा. मे महिन्यात सकाळी एकदा पाइप फिरवला आणि गेलो असं चालत नाही, ओली पोती टाकून सात दिवस ती सुकू द्यायची नाहीत.

आणि मग, सगळ्यात शेवटी, तो डबा. सांध्यावर फायबरची जाळी, पहिला हात उभा, तो पूर्ण सुकल्यावर दुसरा आडवा. स्लॅब कोरडा हवा, पण तापलेला नको, दुपारी बाराला कोट मारला की वरची साय लगेच सुकते, खाली बुडबुडे राहतात आणि पहिल्याच महिन्यात सोलून निघतो. सकाळी नऊच्या आत काम संपवा नाहीतर ऊन उतरल्यावर करा. रंग पांढराच घ्या, खालची खोलीही जरा कमी तापते. टिनाचं शेड घालणारे घालतात, गळणं थांबतंही, पण त्याचे खांब पॅराफिटमध्ये भोकं पाडून बसवले तर वरून बंद केलं आणि बाजूने उघडलं.

गच्चीच्या बाहेरच्या दोन-तीन जागा लोक विसरतात. सज्ज्याचा माथा, तिथे वर्षानुवर्षांचा पाला कुजलेला असतो आणि पाणी भिंतीच्या सांध्यातून आत येतं, तिथेही वाटा आणि बाहेरच्या बाजूला उतार हवा, आणि सज्ज्याच्या खालच्या कडेला एक खाच, म्हणजे थेंब भिंतीकडे न जाता तिथूनच खाली पडतो. कूलरची खिडकी, जिथे ग्रिल काढून प्लायचा तुकडा ठोकलेला असतो, पाऊस त्या बाजूने आला की पाणी प्लायच्या मागून थेट खोलीत, सीझन संपला की कूलर काढा आणि खिडकी नीट बंद करा, प्लाय वर्षभर ठेवू नका. आणि पिंपळ. पाईपच्या बाजूला दोन पानांचा असतो तेव्हाच मुळासकट काढायचा, नुसता खुडला तर दुप्पट जोमाने येतो. तोडायला मन होत नसेल तर आमच्या काकूंसारखं करा, त्या अलगद काढतात आणि कुंडीत लावून देवळात नेऊन देतात.

महाल-इतवारीकडच्या जुन्या घरांची गोष्ट वेगळी. कवेलूचं (कौलांचं) छत दरवर्षी मृगाच्या आधी फेरावंच लागतं, माकडं उड्या मारून फोडतात ते वेगळंच, आणि फुटलेल्या कवेलूच्या खालचा वासा कुजला आहे का हे खिळा टोचून पाहायचं. चुना-सुरखीच्या (चुना आणि विटांच्या भुकटीच्या) भिंतीला मात्र सिमेंटची छपाई किंवा वॉटरप्रूफ पेंट लावू नका, ती भिंत श्वास घेते, तोंड बंद केलं की आतली ओल आतच राहते आणि वर्षा-दोन वर्षांत सगळी छपाई पापुद्र्यासारखी सुटते.

पाऊस सुरू झाल्यावर जाग आली असेल तर ओल्यावर कोट मारायला जाऊ नका, चिकटत नाही. ताडपत्री टाका, पण फटीवरच नाही, पॅराफिटच्या वरून पलीकडे घ्या आणि विटांऐवजी रेतीच्या पोत्यांनी दाबा, विटा वाऱ्याने पडतात. पाईप साफ ठेवा. बाकी काम दिवाळीनंतर.

फ्लॅट असेल तर वरच्या मजल्यावाल्यांनो, एकट्याने खर्च करू नका. सोसायटीच्या आदर्श उपविधीत गच्चीची दुरुस्ती आणि पावसाने होणारी गळती सोसायटीच्या खर्चात धरली आहे, लेखी अर्ज द्या, सोबत तारखा लिहिलेल्या गोलांचे फोटो जोडा.

पैशांचं आधीच बोलून घ्या. आम्ही ठरलेल्या रकमेतला पाचवा हिस्सा, पावसात गळत नाही हे पाहून द्यायचा म्हणून, मागे ठेवला होता, मला वाटलं मिस्त्री रागावतील, ते म्हणाले, "ठेवा ना ताई, पोळ्याले येतो घ्यायले." आले पण, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नातवाला घेऊन, आणि पैशांच्या आधी मान वर करून पंख्याकडेच पाहिलं.

छताला पेंट मात्र आम्ही लगेच केला नाही. आतली ओल पूर्ण सुकायला हिवाळा लागतो, आधी पुट्टी लावली की फुगतेच. त्यामुळे पेन्सिलचे गोल जानेवारीपर्यंत तसेच होते आणि येणारा प्रत्येक पाहुणा बाबांच्या खुर्चीत बसून वर बघत विचारायचा, हे काय काढलंय.