मळ्यातल्या मोटरीसाठी एमक्यूटीटी: काय राखायचं, काय नाही

मळ्यातली टाकी, विहिरीवरची मोटर आणि घरातल्या चौघांचे फोन थेट एकमेकांशी जोडायच्या फंदात पडू नका. फोन कधी रेंजबाहेर, कधी त्याचं चार्जिंग संपलेलं. वीज गेली की मोटर चालू-बंद करणारं ईएसपी३२ हे छोटं वाय-फाय सर्किटही बंद. मध्ये ब्रोकर बसवा. पाठवणारा त्याच्याकडे निरोप सोपवतो, ज्याला हवा तो घेतो. एमक्यूटीटी हे निरोप पोचवायचं तंत्र अशाच तुटक जोडण्यांसाठी जन्मलं. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत नजर ठेवायला ते लिहिलं.

मी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर मॉस्किटो हा ब्रोकर प्रोग्राम चालवतो. तो संगणक आणि राऊटर दोन्ही इन्व्हर्टरवर. मॉस्किटो आवृत्ती २ पासून मुळात फक्त त्याच मशीनवरून जोडू देतो, म्हणून कॉन्फिग फाइलमध्ये १८८३ पोर्टचा लिसनर (बाहेरच्या जोडण्या घेणारी ओळ) लिहा. पर्सिस्टन्सही (राखलेले निरोप डिस्कवर जपणं) चालू करा. पासवर्डशिवाय प्रवेश मात्र देऊ नका. ही मोटर आहे, खेळणं नाही.

प्रत्येक निरोप एका टॉपिकखाली, म्हणजे विषयाच्या नावाखाली जातो. ही नावं यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या चालणारी अक्षरपद्धत) असल्यामुळे देवनागरीतही चालतात: ‘मळा/टाकी/पातळी’, ‘मळा/मोटर/स्थिती’, ‘मळा/मोटर/आज्ञा’.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पातळी आणि स्थिती पाठवताना रिटेन चालू ठेवा. मग शेवटचा आकडा ब्रोकर जपून ठेवतो आणि रात्री उशिरा घरी आलेल्या फोनला जोडल्याबरोबर तो मिळतो. आज्ञेला रिटेन कधीही लावू नका. ‘चालू’ ही आज्ञा राखली गेली, तर पहाटे वीज परतल्यावर ईएसपी३२ उठेल, जुनी आज्ञा वाचेल आणि मोटर आपोआप सुरू होईल. तेव्हा विहिरीत कोणी उतरलेलं असू शकतं. म्हणूनच ईएसपी३२ला क्लीन सेशननेच (दर वेळी कोरी जोडणी) जोडा, म्हणजे ते बंद असताना दिलेल्या आज्ञा रांगेत साठणार नाहीत.

ईएसपी३२ जोडताना ‘विल’ही (संपर्क तुटल्यावर ब्रोकरने पाठवायचा निरोप) नोंदवा: ‘मळा/मोटर/संपर्क’ या टॉपिकवर ‘तुटला’, रिटेनसह. जोडणी झाल्यावर त्याच टॉपिकवर ‘आहे’ पाठवा, तेही रिटेनसह. कीप-अलाइव्ह (‘मी आहे’ असं कळवत राहायची मुदत) ६० सेकंद असेल, तर ९० सेकंद काहीच ऐकू न आल्यावर ब्रोकर संपर्क तुटल्याचं सगळ्यांना कळवतो. हे नसेल, तर फोनवर तासन्‌तास ‘चालू’ दिसत राहील आणि त्यावर विश्वास ठेवून माणूस झोपेल.

प्रत्येक उपकरणाला वेगळा क्लायंट आयडी (ब्रोकरकडची ओळख) द्या. दोघांचा एकच असला, तर नवा आला की ब्रोकर जुन्याला काढतो, जुना पुन्हा येतो, आणि हे चालूच राहतं. अँड्रॉइडवर एमक्यूटीटीच्या ॲपला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळा, म्हणजे फोन ते मागच्या मागे बंद करणार नाही.

चाचणी मोटरीचा फ्यूज काढूनच घ्या. ईएसपी३२ बंद असताना ‘चालू’ पाठवा, मग त्याला वीज द्या. रिलेचा (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) टक्‌ आवाज आला, तर आज्ञा कुठेतरी राखली गेली आहे. त्याच टॉपिकवर रिटेनसह रिकामा निरोप पाठवला की ती पुसली जाते.