प्रोग्राम झटपट बंद करायचाय? साफसफाई वगळताना या चुका टाळा

काम संपलं, निकाल फाइलीत गेला, शेवटचा लॉगही छापून झाला, तरी प्रोग्राम जागचा हलत नाही. मोठा डेटा मेमरीत धरणाऱ्या प्रोग्रामचं हे नेहमीचं दुखणं. रनटाइम, म्हणजे प्रोग्राम चालवणारी भाषेची यंत्रणा, जाता जाता मेमरीतले लाखो ऑब्जेक्ट्स एकेक करून मोकळे करत बसतो. त्यांची काही पानं (मेमरीचे तुकडे) स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत, गेली असतील, तर नुसती सोडून देण्यासाठी ती डिस्कवरून परत ओढली जातात. हे सगळे कष्ट वाया, कारण प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) संपली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तिची मेमरी परत घेतोच. क्लँग कंपाइलर या भानगडीत पडतच नाही. त्याचा ड्रायव्हर (आपण चालवतो ती वरची कमांड) आतल्या कंपाइलरला मेमरी मोकळी करू नको सांगणारा '-डिसेबल-फ्री' हा पर्याय आपणहून देतो. तेव्हा साफसफाई वगळण्याच्या कल्पनेत खोट नाही. मेमरीसोबत आणखी काय काय वगळलं गेलं, ते कुणी बघत नाही, तिथे घोळ होतो.

राबतोय की खोळंबलाय?

बंद होताना 'टॉप' (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) उघडून ठेवा. प्रोसेस एक कोअर पूर्ण खात असेल, तर साफसफाईवरचा संशय रास्त आहे. सीपीयू शून्याजवळ असेल आणि डिस्कही शांत असेल, तर गार्बेज कलेक्शनला (नको असलेली मेमरी आपोआप झाडण्याला) उगाच दोष देऊ नका. एखादा थ्रेड (प्रोग्राममधलं समांतर चालणारं काम) संपायचा राहिलाय, नाहीतर उत्तर न देणाऱ्या सर्व्हरशी कनेक्शन अडकलंय. प्रोसेस कर्नलकडे काय मागतेय ते दाखवणारा 'एसट्रेस -एफ -पी' प्रोसेसच्या क्रमांकासह लावला की कुठे अडलंय ते दिसतं. 'फ्युटेक्स' या कॉलवर थांबलेला असेल, तर बहुधा थ्रेड किंवा लॉकची वाट बघतोय. अशा वेळी जबरदस्तीने बाहेर पडलात, तर थ्रेडचं काम अर्ध्यात तुटेल. जावात तर बंद होताना हीप (ऑब्जेक्ट्स राहतात ती मेमरी) झाडलाच जात नाही, त्यामुळे शेवटी 'सिस्टिम.जीसी()' घालणं म्हणजे निव्वळ भर. तिथला उशीर शटडाउन हुकमध्ये, म्हणजे बंद होताना चालवायला नोंदवलेल्या कोडमध्ये, शोधा.

बफरमधलं आउटपुट बुडतं

सीमधला 'एक्झिट()' ॲटएक्झिट (बाहेर पडताना चालवायला नोंदवलेली) फंक्शन्स चालवतो आणि बफर, म्हणजे लिहायचं आउटपुट तात्पुरतं साठवणारी जागा, रिकामे करतो. 'अंडरस्कोर एक्झिट()' यातलं काहीच करत नाही. पायथनचा 'ओएस._एक्झिट()' त्याच जातीचा. दोन ओळी बघा:

प्रिंट("झालं")
ओएस._एक्झिट(०)

टर्मिनलवर 'झालं' व्यवस्थित दिसतं, कारण तिथे ओळ संपली की बफर रिकामा होतो. हाच आउटपुट फाइलीत वळवा, फाइल रिकामी! म्हणूनच ही चूक डेव्हलपरच्या मशीनवर सापडत नाही, रात्रीच्या जॉबमध्ये सापडते. बाहेर पडण्याआधी स्टँडर्ड आउटपुट आणि एरर दोन्ही फ्लश करा (बफर रिकामा करा), उघडलेल्या फाइली स्वतः बंद करा. काहीजण घाबरून प्रत्येक फाइलीला 'एफसिंक' (डेटा डिस्कवर उतरेपर्यंत थांबणारा कॉल) लावतात आणि वाचवलेला वेळ तिथेच घालवतात. डेटा कर्नलच्या हाती गेला की प्रोसेस मेल्याने तो जात नाही. एफसिंक लागतो तो वीज गेली किंवा मशीन कोसळलं तर.

उलटा क्रम आणि खोटा शून्य

इन्स्टाग्रामच्या इंजिनिअरांनी २०१७ मध्ये एक युक्ती जाहीर केली होती: 'ॲटएक्झिट.रजिस्टर(ओएस._एक्झिट, ०)'. ती त्यांच्या वेब सर्व्हरच्या वर्करसाठी (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेससाठी) होती. तीच ओळ उचलून बॅच जॉबमध्ये चिकटवली की दोन गोष्टी बिघडतात.

ॲटएक्झिटमध्ये शेवटी नोंदलेलं आधी चालतं. 'लॉगिंग' मॉड्यूल इम्पोर्ट होतानाच आपलं बंद करायचं फंक्शन नोंदवतं. तुमची ओळ त्यानंतर आली, तर तुमचंच फंक्शन आधी चालणार आणि लॉगिंगची पाळी येणारच नाही. मेमरीत साठवलेले लॉग गेले. ही ओळ अगदी सुरुवातीला, बाकीच्या इम्पोर्टच्याही आधी हवी. स्टँडर्ड आउटपुटचा फ्लश मात्र तरीही तुम्हालाच करावा लागतो, कारण पायथन तो ॲटएक्झिटनंतर करतं.

दुसरी भानगड जास्त वाईट. एक्सेप्शन येऊन प्रोग्राम कोसळला तरी एक्झिट कोड शून्यच जातो. शून्य म्हणजे यश, म्हणून शेड्युलर समजतो काम फत्ते, आणि पुढचा जॉब अर्धवट डेटावर सुरू होतो. खरा कोड आधी धरून ठेवा आणि तोच द्या.

जे कर्नल आवरत नाही

उघड्या फाइली, सॉकेट, 'एफलॉक'चे लॉक आपोआप सुटतात. टेम्प फाइल, पीआयडी फाइल (प्रोसेसचा क्रमांक लिहिलेली), पॉझिक्स शेअर्ड मेमरी (प्रोसेसमध्ये वाटून घेतलेली) मागे राहते. चाइल्ड प्रोसेसही अनाथ होऊन चालत राहतात. यांची आवराआवर हातानेच करा, मग बाहेर पडा. गो वापरत असाल तर 'ओएस.एक्झिट' डिफर केलेली (शेवटी चालवायला ठेवलेली) फंक्शन्स चालवत नाही, आणि 'लॉग.फेटल' आतून तेच बोलावतं, हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं.

लायब्ररीत हा प्रकार कधीच नको. प्रोसेस कधी संपवायची ते बोलावणाऱ्या प्रोग्रामने ठरवायचं. टेस्ट चालवताना हा शॉर्टकट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने बंद ठेवा. टेस्टमध्ये किती कोड चालला (कव्हरेज) ते मोजणारा जीकॉव्ह आपला डेटा बाहेर पडतानाच लिहितो, त्यामुळे टेस्ट सगळ्या हिरव्या आणि कव्हरेज शून्य दिसलं, तर आधी हीच ओळ तपासा.