जुन्या गाडीला पीयूसी माफ? या चुका टाळा

"पंधरा वर्षं झाली ना गाडीले, आता कायची पीयूसी?" असं म्हणणारे आमच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात रोज भेटून राहिले. भाऊ, वय झालं म्हणून पीयूसी, म्हणजे धूर तपासल्याचं सर्टिफिकेट, माफ होत नाही. माफी आहे ती नवीन गाडीला, पहिल्या पासिंगपासून १ वर्ष, आणि बॅटरीवाल्या गाडीला, तिला धूरच नाही तर तपासता काय? जुन्या गाडीचं उलट आहे, बीएस ४ (बीएस म्हणजे भारत स्टेज, सरकारनं ठरवलेला धुराचा टप्पा) च्या आधीची असली तर दर ६ महिन्यांनी काढा, बीएस ४ अन् बीएस ६ ची वर्षभर चालते.

मग सूट कुठं आहे? मर्यादेत आहे. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपर्यंत चालतो, त्यानंतरच्या जुन्या गाड्यांना ३.५. आमच्या काकांची गाडी बनली फेब्रुवारी २००० मधे, पासिंग झालं मे मधे, पीयूसी सेंटरवरच्या पोरानं पासिंगची तारीख धरली अन् रीडिंग ३.९ आलं तर फेल म्हणून मोकळा झाला, काका तर कार्बोरेटर खोलायला निघाले होते. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, गाडी बनल्याचा महिना दाखवला तवा पास. म्हणून आरसी सोबत न्या, फोटोवर भागवू नका.

खरंच फेल झाली तर लगेच इंजिनाचं काम काढू नका. थंडी गाडी उभी करून तपासली का, चोक अर्धा ओढलेला राहिला का, हे आधी पहा, दहा-पंधरा मिनिटं चालवून न्या. मग एअर फिल्टर, आमच्याकडं जिनिंगच्या रस्त्यानं अन् तुरीच्या मळणीत तो असा भरते की झटकला तर अंगणभर धुरळा, त्यानं मिश्रण पेट्रोलकडं झुकते अन् आकडा चढते. टू-स्ट्रोकवाल्यांनी ऑइल अंदाजानं ओतणं बंद करा. सायलेन्सर फुटका असेल तर आधी वेल्डिंग, नाहीतर रीडिंगच खोटं.

दिल्लीचं ऐकून घाबरू नका, डिझेल १० अन् पेट्रोल १५ वर्षं हा हरित लवादाचा २०१४-१५ चा आदेश एनसीआरपुरता, म्हणजे दिल्ली अन् आसपासच्या भागापुरता आहे, आपल्याकडं १५ वर्षांनी आरसी रिन्यू होते, ५ वर्षांसाठी. विंटेज, म्हणजे हौसेची जुनी गाडी म्हणून वेगळी नोंद, त्याचा नाद तर सोडाच, त्याला गाडी ५० वर्षांच्या वर लागते, २० हजार फी, अन् रोज बाजारात न्यायची परवानगी नाही.

पीयूसी नाही म्हणून अपघाताचा क्लेम नाकारता येत नाही, हे विमा प्राधिकरणानं २०२० मधेच सांगितलं, पण दंड कायद्यात १० हजारापर्यंत आहे.

अन् जुन्या आरसीची ऑनलाइन नोंदच नसेल तर सेंटरवाल्याशी भांडून काही होत नाही. आधी आरटीओत बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून घ्या, मोबाईल नंबरही तिथंच जोडा. यवतमाळची चक्कर होते, सकाळच्या एसटीनं निघा.