शीड पांढरं नसतं

सोमवार ते शुक्रवार हिंजवडीची नोकरी, शनिवारी दुपारी खडकवासल्याच्या पाण्यावर डिंगी, म्हणजे शिडाची छोटी नाव, आणि रविवारी सकाळी जलरंग. हे माझं सातवं वर्ष. अजूनही चारातलं एक चित्र फाडावं लागतं, आणि फाडताना आजही वाईट वाटतं. तुम्ही नुकतेच या दोन्ही गोष्टींत पडला असाल तर माझी दोन वर्षं कुठे गेली ते ऐका.

आधी कागद. रंग विद्यार्थी दर्जाचे चालतील, पण कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कॉटनच घ्या. पातळ कागद पहिल्याच वॉशला, म्हणजे पाणीदार रंगाच्या हाताला, फुगतो, रंग खळग्यांत साचतो आणि नवशिक्याला वाटतं आपला हातच वाईट आहे. हात वाईट नसतो हो. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून आहे, तिथे जाऊन कागद हाताळून बघा. सायझिंग, म्हणजे पाणी पटकन शोषू नये म्हणून दिलेली खळ, केलेलं आहे ना, एवढं मात्र विचारा. नाहीतर तो टीपकागदासारखा रंग पिऊन टाकतो.

आता मी जिथे अडकले ते. माझ्या चित्रातली प्रत्येक नाव कापून चिकटवल्यासारखी दिसायची. शीड पांढरं, म्हणून मी तेवढा कागद कोरा सोडायचे. जमेना म्हणून मास्किंग फ्लुइड आणलं, म्हणजे रंग लागू नये म्हणून कागदावर लावायचा आणि नंतर सोलून काढायचा रबरी द्रव. त्या वाटेला जाऊच नका. त्याने कडा सुरीने कापल्यासारख्या येतात, वर घाईत ओढून काढलं तर कागदाचा पापुद्राही निघतो. एका कार्यशाळेत सरांनी माझा ब्रश घेऊन दोन मिनिटांत माझं शीड ‘दुरुस्त’ केलं. चित्र छान झालं, मला काहीच कळलं नाही. तुमच्या कागदावर स्वतःचा हात चालवणारा गुरू मला तरी नको.

शेवटी डोळे उघडले ते नाव शिकवणाऱ्या काकांमुळे. संध्याकाळी पानशेत रस्त्याच्या काठावर उभं राहून मी नेहमीसारखं चित्र दाखवलं. ते एवढंच म्हणाले, "ताई, ऊन कुठून येतंय?"

ऊन समोरून येत होतं. सूर्य पलीकडच्या टेकड्यांवर होता, आणि शीड आभाळापेक्षा चक्क गडद होतं! कापडातून उजेड झिरपत होता, त्यामुळे रंग पातळ चहासारखा. जिथे कापड दुहेरी शिवलेलं तिथे काळपट रेघा. खालच्या भागात पाण्याचा निळसर उजेड. कोरा कागद सोडावा अशी जागा एकच, डोलकाठीजवळची बारीक कड. सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ज्योतीआड धरलेल्या हाताची बोटं त्यात आतून उजळलेली दिसतात. शिडाचंही तसंच होतं.

परत सांगते, कारण हे डोक्यात बसायला मला दोन वर्षं लागली. ऊन तुमच्या पाठीमागून येत असेल आणि शिडामागे गडद टेकडी असेल, तर शीड पांढरं. कागद बिनधास्त सोडा. ऊन शिडामागून येत असेल तर तेच शीड आभाळापेक्षा गडद. बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगात जरासं अल्ट्रामरीन निळं घालून आधी पुसट वॉश द्या. ब्रश उचलण्याआधी डोळे किलकिले करून बघा. आभाळ उजळ की शीड? उत्तर मिळेपर्यंत रंग ओला करू नका. मोबाइलच्या फोटोला विचारू नका, तो आभाळ सांभाळायला शीड काळं करतो, नाहीतर शीड सांभाळायला आभाळ उडवतो. शिवाय एंटरप्राइझ जातीच्या डिंगीची शिडं मुळातच फिकट निळी असतात, तीही मी पांढरी रंगवली होती.

नावेत रंग नेऊ नका. नावेत फक्त बघायचं, आणि तेही वाऱ्यावर लक्ष ठेवून. पाण्यावरून गडद, सुरकुतलेला पट्टा सरकत येतो ना, तो वाऱ्याचा झोत असतो. एकदा मी शिडाच्या शिवणी बघत बसले, तो पट्टा पोचला तरी हातातला दोर सैल सोडला नाही आणि नाव आडवी झाली. लाइफ जॅकेट होतं म्हणून घाबरण्यापलीकडे काही झालं नाही. सेंटरबोर्डवर, म्हणजे नावेच्या तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीवर, उभं राहून डिंगी सरळ करता येते, हे पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या. पोहता येतं म्हणून जॅकेट काढणाऱ्यांबरोबर मी नावेत बसत नाही.

त्या दिवसापासून माझं पाणी मात्र सुधारलं. आधी मी सगळीकडे सारख्या लाटा काढायचे. आता गडद पट्टा कुठे आहे ते आधी ठरवते, मग शीड कोणत्या बाजूला फुगेल आणि नाव किती कलेल ते त्यावरून आपोआप ठरतं.

परवाचं चित्र भिंतीला टेकवून ठेवलंय. शिडाचा खालचा कोपरा अजून थंड, म्हणजे हवा तेवढा निळसर, वाटत नाही. शनिवारी साडेपाचला काठावर उभी राहून पुन्हा बघणार आहे.